दोघींनी खरं लिहायचं ठरलं होतं

रमे, तुझ्या पुण्यानुमोदनाला मी वाटूरच्या विहारात दहा मिनिटं बोलले आणि त्यातलं एकही वाक्य तुला पटलं नसतं. निःस्वार्थी म्हणाले तुला. शांत स्वभावाची म्हणाले. तू आणि शांत! समोर बसलेल्या तुझ्या कंपनीतल्या पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या, कारण तुझ्या जिभेचे फटके त्यांनीही माझ्याइतकेच खाल्लेत. तुझी आई मात्र माझ्याकडं बघून मान हलवत होती. बोलून खाली बसले तर तुझ्या आईनं, मावशींनी, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "मंगल, तुझ्यासारखी मैत्रीण न्हाई मिळत बाई कुणाला." मी हात काढून घेतला नाही.

म्हणून हे लिहायला बसले. तिथं बोलले ते लोकांसाठी होतं, हे तुझ्यासाठी. तू वाचणार नाहीस, ते एक बरंय. जिवंत असतीस तर मी हे लिहिलं नसतं. एवढी काही मी धीट नाही, आणि हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

चार दिवसांचा ताप गं नुसता. पाचव्या दिवशी सकाळी उज्ज्वलाचा फोन आला तेव्हा मला वाटलं डिस्चार्ज मिळाला. मी फोन उचलून पहिलं वाक्य काय बोलले माहितेय? "तुझ्या ताईला म्हणावं, आता तरी जरा गप पड." तिकडून तुझ्या धाकट्या बहिणीनं फोन ठेवून दिला. मला तेवढ्यानंच कळलं.

तर आता पहिल्यापासून. आपण दोघी एकाच वर्षी वनस्पतीशास्त्र विभागात पीएचडीला लागलो. जालन्यात खोली, विद्यापीठ दीड तासावर, रोजची एसटी. खर्च दोघींचा सारखा आणि आवक दोघींची शून्य. पैसे मिळण्याचे जेवढे म्हणून रस्ते होते ते तू एका दोनशे पानी वहीत उतरवून काढले होतेस, आणि एकेका रस्त्यावर लाल पेनानं फुली मारायचीस. नेट दोघींची निघाली, पैसे देणारी जेआरएफ दोघींची हुकली. फुली. सरकारच्या फेलोशिपा देणाऱ्या संस्था तुझ्या समाजाला वेगळी, माझ्या समाजाला वेगळी. तुझ्या संस्थेची जाहिरातच निघाली नाही आणि माझ्या संस्थेची निघाली तर यादी लागली नाही. तू म्हणायचीस, "मंगे, आपल्या जाती वेगळ्या असू दे, बोंब एकच हाय." गाइडच्या प्रोजेक्टवर सहायक म्हणून लागावं, तर आपल्या सरांकडं प्रोजेक्टच नव्हता. शैक्षणिक कर्ज मागायला गेलो तर बँकेच्या मॅनेजरनं विचारलं, पीएचडी झाल्यावर नोकरी लागेल याची खात्री काय? तू म्हणालीस, "तशी खात्री असती तर तुमच्याकडं कशाला आल्तो, साहेब?" त्यानं आपल्याला चहासुद्धा विचारला नाही.

ती वही घेऊन तू विभागातल्या हर्बेरियमच्या पायऱ्यांवर बसायचीस आणि ज्युनिअर पोरं रांगेत. तू त्यांचे अर्ज तपासायचीस म्हणजे काय, सोलून काढायचीस. "हा अर्ज हाय का प्रेमपत्र? विषय कुठंय?" "उत्पन्नाचा दाखला मागच्या सालचा जोडलास? बापाला बी मागच्या सालातच ठिवलंस का?" मुली रडायच्या. पण तुझ्या हाताखालून गेलेला अर्ज कधी त्रुटीत परत आला नाही. किती जणांना तू फेलोशिपा मिळवून दिल्यास! त्यातला एक जण आज मोठ्या कॉलेजात पर्मनंट प्राध्यापक आहे. तुझ्या कार्यक्रमाला आला नाही, हार पाठवला.

मग बियाण्याच्या कंपनीतलं काम मिळालं. एमआयडीसीत, शनिवार-रविवार, उगवण तपासायचं. ओल्या कागदाच्या गुंडाळ्या उलगडायच्या, त्यात मांडलेलं कपाशीचं बी किती उगवलं, किती वाकडं उगवलं, किती मेलं, ते मोजून लिहायचं. आपण दोघी एकाच टेबलाला समोरासमोर बसायचो. नीट उगवलेल्याला तिथं नॉर्मल म्हणतात, वाकड्याला अ‍ॅबनॉर्मल. तू त्या गुंडाळ्यांना विभागातल्या सरांची नावं द्यायचीस आणि उलगडून मोठ्यानं निकाल सांगायचीस. एकदा माझं नाव दिलंस. उलगडली तर अर्ध्याहून जास्त मेलेलं निघालं. तू किती हसलीस! मी दोन दिवस बोलले नव्हते तुझ्याशी. आता वाटतं, उगाच रुसले.

अशात विभागाच्या शिष्यवृत्तीची नोटीस लागली. एका निवृत्त प्राध्यापकांनी बायकोच्या नावानं ठेव ठेवली होती. तिच्या व्याजातून दर तीन वर्षांनी एका संशोधकाला, फक्त एकाला, तीन वर्षं महिन्याच्या महिन्याला पैसे. तुझ्या वहीतला शेवटचा रस्ता, ज्यावर फुली नव्हती.

आपल्या दोघींच्याही मागं काय लागलं होतं ते दोघींनाही माहीत होतं. तुझे बाबा रोलिंग मिलमधून घरी बसले होते आणि उज्ज्वला बारावीत होती. माझ्या आबांनी निक्षून सांगितलं होतं, या साली पैसे सुरू झाले तर शिक, नाहीतर बोऱ्याबिस्तरा उचल आणि घरी ये. नवरदेव ठरवूनच ठेवला होता, दोन टेम्पो होते त्याचे. बघायला आला तेव्हा त्यानं मला विचारलं होतं, पीएचडी म्हणजे किती मार्काची असते.

अर्जात सातवा रकाना होता: अन्यत्र काम अथवा अन्य लाभ. सगळे तिथं 'निरंक' लिहायचे, म्हणजे काहीच नाही. न विचारता, डोळे झाकून. पण तू नियमावली शेवटच्या पानापर्यंत वाचणारी बाई. एसटीत माझ्या मांडीवर ते कागद ठेवलेस आणि बोट ठेवून दाखवलंस. जो काम करतो आणि तसं लिहून देतो, त्याला निवड झाल्यावर काम सोडायला एक महिना मिळतो. जो लपवतो त्याचा अर्ज बाद, आणि पुढं विभागाकडून त्याला कसलीच मदत नाही.

"म्हंजी खरं लिहिलं तर काई बिघडत न्हाई," तू म्हणालीस. "दोघी खरं लिहू. मंग मेरिटवर होऊन जाऊ दे. तुला मिळाली तर मी कंपनीत पूर्ण वेळ लागते, मला मिळाली तर तू लाग. पण मंगे, चोरून न्हाई. कबूल?"

मी कबूल म्हणाले. तू हात पुढं केलास, मी टाळी दिली. बदनापूर यायचं होतं अजून. खिडकीबाहेर मोसंबीच्या बागा होत्या आणि तू मला तुझ्या बुरशीचं सांगायला लागलीस, मोसंबीच्या मुळावरची, जिच्यावर तू पीएचडी करत होतीस. मी ऐकत नव्हते. मेरिटमध्ये तू माझ्या पुढं होतीस. थोडीशीच, पण होतीस. हे तूही मोजलेलं होतंस आणि मीही.

दुसऱ्या दिवशी तू लायब्ररीत असताना मी सातव्या रकान्यात निरंक लिहिलं आणि अर्ज कार्यालयात देऊन आले.  अक्षर चांगलं आलं होतं.

छाननीच्या दिवशी आपल्याला दोघींना एकदमच आत बोलावलं. तेव्हाचे विभागप्रमुख आता निवृत्त झालेत. ते चांगले होते तसे, फक्त त्यांना जेवायला घरी जायची घाई असायची. त्यांनी दोन्ही अर्ज शेजारी ठेवले. "तुम्ही दोघी एकाच खोलीत राहता ना? ही लिहिते की शनिवार-रविवार कंपनीत जाते. आणि ही लिहिते निरंक." माझ्याकडं बघून विचारलं, "तू नाही जात?"

मी म्हणाले, "नाही सर. हीच जाते."

रमे, मी नुसतं 'नाही' म्हणून थांबू शकले असते. 'हीच जाते' कुणी विचारलं होतं मला?

तू माझ्याकडं बघितलं नाहीस. भिंतीवर वनस्पतींच्या कुळांचा तक्ता होता, तो वाचत बसलीस. मग सरांना नियम सांगितलास, एक महिन्याचा, शब्द न् शब्द बरोबर. सर म्हणाले, "नियम आहे, मान्य. पण हिला काहीतरी आधार आहे आणि हिला काहीच नाही. शिष्यवृत्ती कशाला असते शेवटी?" आणि घड्याळ बघितलं. तुझ्या एका वाक्यात माझा अर्ज बाद झाला असता. "सर, ही माझ्या समोरच्या खुर्चीत बसती," एवढंच तर म्हणायचं होतं. कंपनीच्या हजेरीवर माझ्या सह्या होत्या. तू ते वाक्य बोलली नाहीस.

बाहेर आलो. मला वाटलं आता थोबाडीत देशील. मी गाल पुढं करूनच उभी होते म्हण ना. तू पायऱ्या उतरता उतरता म्हणालीस, "चल जल्दी, पाचची एसटी हुकंल." आणि आपण पाचच्या एसटीनं आलो, शेजारी शेजारी बसून. त्या संध्याकाळी भाजी तू केलीस. वांग्याची. मी दोन भाकरी खाल्ल्या.

तू महिन्याभरात कंपनीत पूर्ण वेळ लागलीस. ठरल्याप्रमाणे. जणू ते मेरिटवरच झालं होतं. तुझी नोंदणी पुढं फी न भरल्यामुळं रद्द झाली. मग एके दिवशी सरांनी मला सांगितलं, फ्रिजमधला तिचा कप्पा रिकामा कर, नव्या पोरांना जागा पाहिजे. तुझ्या काचेच्या बशा होत्या त्यात, प्रत्येकीवर तुझ्या अक्षरात बागेचं गाव आणि तारीख. बुरशी जिवंत होती, छान वाढली होती. मी ती सगळी ऑटोक्लेव्हच्या वाफेत घालून मारली आणि बशा धुवून ठेवल्या. तुला फोन करून विचारू शकले असते, घेऊन जातेस का म्हणून. नाही केला. तू पुढं कधीतरी विचारलंस, "माझी बुरशी गेली का गं?" मी म्हणाले, लाइट गेल्ती चार दिवस. तू म्हणालीस, "बरं."

तुझं हे 'बरं' मला छळतं बघ. अगं, तीन वर्षं तू माझे अहवाल तपासलेस! शिष्यवृत्ती चालू राहायला दर तीन महिन्यांनी प्रगती अहवाल द्यावा लागायचा आणि मला तो धड जमायचा नाही. मी निर्लज्जासारखी तो घेऊन कंपनीत तुझ्याकडं यायचे. तू हात पुसून, चष्मा लावून वाचायचीस. "इथं तारीख राह्यली. हे काय लिहिलंस, निरीक्षणं समाधानकारक? कुणाचं समाधान झालं, तुझ्या आबांचं?" माझ्या पीएचडीचा एकही कागद तुझ्या हाताखालून गेल्याशिवाय सरांच्या टेबलावर गेला नाही. मी कुणाला सांगितलं नाही हे. प्रबंधात आभाराच्या पानावर तुझं नाव आहे, खालून तिसरं, झेरॉक्सवाल्याच्या वर.

याला मैत्री म्हणायचं का सूड, मला अजून कळलेलं नाही. तू मोठ्या मनाची होतीस असं मावशींना वाटतं. मला वाटतं तू महाबिलंदर होतीस. माफ केलं म्हणून सांगितलं असतंस तर मी मोकळी झाले असते. शिव्या दिल्या असत्यास तर दोन शिव्या मीही दिल्या असत्या, भांडण मिटलं असतं. तू दोन्हीतलं काहीच दिलं नाहीस. नुसते अहवाल तपासलेस. एकदा मी धीर केला होता. माझी तोंडी परीक्षा झाली त्या दिवशी, कंपनीच्या गेटवर. मी पेढे घेऊन आले होते. म्हणाले, "रमे, त्या दिवशी छाननीला मी..." तू माझ्याच खोक्यातला पेढा उचलून माझ्याच तोंडात कोंबलास. "पेढा खा अन् गप बस, डॉक्टरीणबाई." पेढा तोंडात असताना माणसाला बोलता येत नाही. आणि गिळून झाल्यावर मी बोलले नाही, तो दोष पेढ्याचा नव्हता.

तुझ्या कार्यक्रमानंतर आठवड्यानं उज्ज्वला माझ्याकडं आली, विभागात. मी आता तिथंच आहे, कंत्राटी सहायक प्राध्यापक, अकरा अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. ती आपल्याच विभागात पीएचडीला लागलीय हे तुला माहीतच आहे, तूच तिचा अर्ज भरलास. शनिवार-रविवार ती तुझ्याच कंपनीत उगवण मोजती, तुझ्याच टेबलाला. आणि नोटीस लागली होती, त्याच शिष्यवृत्तीची. तिनं अर्ज माझ्यापुढं ठेवला. सगळा भरलेला, सातवा रकाना कोरा.

"मंगलताई, इथं काय लिहू?"

मी एका क्षणाचाही विचार केला नाही. तिच्या भल्यासाठीच म्हणाले, तुझी शप्पथ. तिथं कोण जिंकतं ते माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? म्हणाले, "निरंक लिही."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग हसली, तुझ्यासारखंच, एका बाजूनं. "ताईनं मागंच सांगून ठिवलं होतं. म्हनली, सातवा रकाना आला की मंगलला विचार. अन् ती जे सांगंल त्याच्या बिलकुल उलटं लिही."

"का म्हणून?" मी विचारलं.

"का ते न्हाई सांगितलं. हसत राह्यली नुसती."

आणि तिनं माझ्या समोर, माझ्याच टेबलावर लिहिलं: होय, बियाणे कंपनीत, शनिवार-रविवार. रमे, मला तुझा असा राग आला! मेल्यावरसुद्धा तुला मला सोलायचं होतं, आणि तेही तुझ्या बहिणीच्या तोंडून, जिला काही माहीत नाही. मी उठून संडासात जाऊन रडले. रागानं रडले, दुःखानं नाही. दुःखाची पाळी नंतर आली.

दोन दिवसांनी नव्या विभागप्रमुख मॅडमनी मला छाननी समितीत घेतलं. म्हणाल्या, तुम्हाला ही शिष्यवृत्ती मिळाली होती, तुम्हाला सगळं माहितेय. अर्ज दोनच आले होते. एक उज्ज्वलाचा. दुसरा संतोषचा, तिशीतला बाप्या, परतूरकडचा, बायको आणि एक मुलगी. हुशार आहे. मेरिटमध्ये उज्ज्वलाच्या पुढं. थोडासाच, पण आहे.

छाननीच्या सकाळी तो विभागाच्या बाहेर चहाच्या टपरीवर होता. मला बघून उठला, मॅडम मॅडम करत चहा सांगितला. अकरा वाजेपर्यंत अर्जात दुरुस्ती करायची मुभा होती. त्यानं पिशवीतून अर्जाची झेरॉक्स काढून मला दाखवली. सातव्यात निरंक. अक्षर चांगलं होतं.

"मॅडम, बराबर हाय न वो? का बदलू काई?"

आता ऐक. वाटूर फाट्यावर, एसटी थांबते तिथं समोरच, त्याच्या क्लासचा बोर्ड आहे. मोठा, त्याचा फोटो असलेला, खाली 'अकरावी-बारावी जीवशास्त्र'. तुझ्या कार्यक्रमाला आले तेव्हा मी तो बघितला होता. तो खरं लिहिता तर त्यालाही महिना मिळाला असता, बोर्ड उतरवला असता आणि मेरिटवर निकाल लागला असता. आणि मेरिटवर उज्ज्वला मागं पडली असती. एवढं सगळं मला चहाचा कप हातात असताना, एका घोटात समजलं.

मी म्हणाले, "बराबर आहे. राहू द्या तसंच."

चहाचे पैसे त्यानंच दिले.

आत एकेकालाच बोलावलं होतं; उज्ज्वला होऊन गेली आणि संतोष समोर बसला तेव्हा मॅडमनी दोन अर्ज शेजारी ठेवले. तीच खोली, तोच तक्ता, फक्त आता त्यावर काच बसवलीय. या वेळी मी टेबलाच्या या बाजूला होते. मॅडम म्हणाल्या, "हिला काम आहे, याला काहीच नाही. मग प्रश्नच नाही ना?" मी नियम सांगितला, एक महिन्याचा. शब्द न् शब्द, तू सांगितला होतास तसा. मॅडम म्हणाल्या, नियम ठीक आहे, पण गरज कुणाला जास्त? मला ठाऊक होतं त्या हेच म्हणणार. मग मी माझं दुसरं वाक्य बोलले. "मॅडम, वाटूर फाट्यावर यांच्या क्लासचा बोर्ड आहे. फोटोसकट."

संतोषनं माझ्याकडं बघितलं. त्याला काही कळेचना. "तो... तो भावाच्या नावावर हाय क्लास," म्हणाला. कुणी ऐकलं नाही. मॅडमनी त्याच्या अर्जावर लाल शाईनं लिहिलं: माहिती लपवली, बाद. यापुढं विभागाकडून त्याला कसलीही मदत नाही. सगळं पाच मिनिटांत झालं. मग चहा आला, सरकारी, पांचट. मी प्यायले.

बाहेर पडले तर तो पायऱ्यांवर, तू वही घेऊन बसायचीस तिथं, फोनवर बायकोला सांगत होता, "न्हाई झालं गं. न्हाई. घरी आल्यावर सांगतो." फोन ठेवला आणि मला म्हणाला, रागानं नाही, रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं, "मॅडम, तुम्हाला माहीत होतं तर सकाळीच सांगायचं होतं की वो. मी दुरुस्त केलं असतं."

मी म्हणाले, मला उशीर होतोय.

रमे, त्या दिवशी तू भिंतीकडं का बघत होतीस ते मला आता कळलं. इतकी वर्षं मी उगाच तर्क करत बसले, दया आली असेल, ताठा असेल, पुढं मागं मला नाचवायचं असेल. तसलं काही नव्हतं. तुला दुसऱ्याचा अर्ज बाद करून पुढं जायचंच नव्हतं, आणि एवढी साधी गोष्ट मला सुचलीच नाही, कारण ती माझ्यात नाही. तू असतीस तर त्या टपरीवर संतोषच्या हातातून कागद ओढून घेतला असतास. "गाढवा, फाट्यावर थोबाड टांगलंस अन् इथं निरंक लिहितोस? बदल आत्ताच्या आत्ता." मग त्याला मिळाली असती आणि तुझी बहीण हरली असती, आणि तू तिला म्हणाली असतीस, चल जल्दी, पाचची एसटी हुकंल.

मला समितीत माझंही सांगता आलं असतं. की मॅडम, याला बाद करताय तर मलाही करा, माझ्याही सातव्या रकान्यात तेच होतं.  ऑर्डर संपायला दोन महिने राहिलेत, एवढंच डोक्यात आलं.

काल उज्ज्वला आली होती, तुझी कंपनी सोडल्याचं पत्र घेऊन. महिना मिळाला होता, तिनं आठ दिवसांतच दिलं. पेढ्यांचा खोका होता हातात. माझ्या पाया पडली. मी नको नको म्हणेपर्यंत पडलीसुद्धा. "ताईचं बराबर निघालं बघा," म्हणाली. "खरं लिहिलं म्हनून मिळाली."

तुझ्या बहिणीला शिष्यवृत्ती मिळाली, रमा. पण तुझ्या वाटेनं नाही, माझ्या वाटेनं मिळाली, आणि तिला ते माहीत नाही. तिला वाटतंय तू जिंकलीस. मी म्हणाले, "उज्ज्वला, ऐक जरा, त्या दिवशी छाननीला मी..."

तिनं खोका उघडून पुढं धरला. "आधी पेढा घ्या, ताई."

मी पेढा खाल्ला आणि गप बसले.